भागोजीच्या आतला आवाज

एका गावात एक भोळा कुंभार होता, नाव भागोजी. हात सोन्याचे, पण स्वतःचं मत म्हणून नाही. भट्टीतून घागर काढली की ती घेऊन गावभर विचारत फिरायचा, भाजली का? न्हावी म्हणे भाजली. शिंपी म्हणे कच्ची. मग दोघांचाही मान राखायला भागोजी ती अर्धीच पुन्हा भट्टीत खुपसायचा.

आखाजीचा बाजार तोंडावर आला. आखाजीला घरोघर नवी घागर पुजतात. त्या एका बाजारावर भागोजीच्या घरची वर्षाची भाकरी चालायची. त्याची बायको गिरजा कावली.

"गावाला काय विचारता? टिचकी मारा आणि आतला आवाज ऐका. खणखणीत आला तर पक्की, भद्द आला तर कच्ची."

भागोजीने टिचकी मारली, आणि त्याला कळलं. जन्मात पहिल्यांदाच काहीतरी आपलं आपल्याला कळलं, म्हणून बिचाऱ्याचे डोळे भरून आले.

दुपारी भागोजीचे सासरे आले. त्यांनी पागोटं काढून ठेवलं. भागोजीने टकलावर टिचकी मारली, कान लावला, आणि गिरजाला सांगितलं की मामा अजून कच्चे आहेत, एक रात्र भट्टीत ठेवू.

सासरे रुसून ओसरीवर जाऊन बसले. गिरजाने कपाळाला हात लावला. माणसाला टिचकी मारायची नसते, म्हणाली, डोळे मिटून गप्प बसा, आतून काय येतं ते ऐका आणि तसं वागा. भागोजी बसला. आतून गुरगुर आली. त्याने तसं वागून सासऱ्यांसाठी झाकून ठेवलेल्या सगळ्या पुरणपोळ्या खाल्ल्या. सासरे उपाशीच गावी गेले.

"अहो, ते पोट होतं," गिरजा म्हणाली. "मनाचा आवाज हळू असतो. एकदाच येतो. आरडाओरडा करत नाही."

भागोजीने हे तीनदा घोकलं.

आखाजीच्या बाजारात त्याने रस्त्याकडेला घागरी मांडल्या. एकूणएक पक्क्या. गिरजा समोरच्या दुकानात गेली आणि इकडे कुणाची तरी म्हैस उधळली. गिरजा तिकडून ओरडली, घागरी उचला. चार वेळा ओरडली. भागोजीने विचार केला. आवाज मोठा, चार वेळा आलेला, म्हणजे हा खरा नव्हे. तो जागचा हलला नाही.

तेवढ्यात आतून कुणीतरी हळूच म्हणालं, ऊठ. एकदाच म्हणालं.

भागोजी लगेच उठला आणि बाजूला होऊन हात जोडून उभा राहिला. आवाज घागरींबद्दल काही बोलला नव्हता. म्हैस त्याच्या जागेवरून गेली, मग घागरींवरून गेली, आणि जाताना एकही सोडली नाही.

गिरजा धावत आली. खापरांच्या ढिगात भागोजी हरखून उभा होता.

"सापडला गं! अगदी खरा निघाला बघ."

 गिरजाने त्याच्या डोक्यावर एक टिचकी मारली. चांगला खणखणीत आवाज आला.

"ऐकलंस?" भागोजी म्हणाला. "पक्का भाजलोय."