काडेपेटीतला पतंग

एकदा एक वृद्ध आचार्य पतंगांचे वर्गीकरण करण्यात उभा जन्म घालवून बसले होते. तेही देखण्या पतंगांचे नव्हे. तोंडापुढे सोंडेसारखे टोक आलेले, नखाएवढे, मातकट पतंग. पालसुद्धा दुसरे काही मिळाले नाही तरच त्यांच्याकडे वळते. असे सांगतात, की कानाजवळून पतंग गेला तर नुसत्या फडफडीवरून आचार्य त्याचे कुळ ओळखत, आणि तो जेवला आहे की उपाशी, तेही. मी हे पाहिलेले नाही. पण ज्याने सांगितले, तो आठवड्यातून एकदा तरी खरे बोलत असे.

त्यांचा एक शिष्य होता, तिशी उलटलेला. त्याच्या खिशात सदैव एक काडेपेटी असे आणि तीत एकच वाळवलेला पतंग. तीन वर्षांपूर्वी सागाच्या वाळक्या पानांवर त्याने एक अळी वाढवली होती. तिच्यातून निघालेला हा पतंग कुठल्याही ग्रंथात नव्हता. एक दिवस या नव्या जातीला आपले नाव मिळेल, या आशेने त्याने तो गुरूंनाही दाखवला नव्हता.

एके दिवशी बियाण्याच्या एका व्यापाऱ्याने दोघांना घाईघाईने कोठारात नेले. आत ज्वारीच्या चाळीस कणग्या होत्या, म्हणजे पाच गावांची पुढची पेरणी. सकाळी तिथे मातकट पतंग उडताना दिसले होते. एक हाती लागला, बाकीचे छपरात शिरले. पाच गावांचा जुना ठराव असा, की दाणे खाणारा पतंग दिसला तर दिवेलागणीच्या आत कोठार पेटवायचे. तिन्हीसांजेला पतंग उडतात आणि शेजारच्या कोठारांत अंडी घालतात. अळ्या दिसेपर्यंत थांबावे, तर उशीर झालेला असतो. बाहेर माणसे पलिते घेऊन उभीच होती.

"गुरुजी, दिवस कासराभर राहिलाय," व्यापारी म्हणाला. "पेटवू की नको? पेटवलं तर गावांनी पेरायचं काय, तुमचे पतंग?"

शिष्याने भिंगातून पाहिले. "दाणेखाऊच. पंखावरची रेघ बघा."

आचार्यांनी पतंग घेतला आणि चिमट्याने त्याचे पोट मोडून काढले.

"गुरुजी!" शिष्य ओरडला. "एकच तर हाती लागला होता!"

मांस विरघळावे म्हणून आचार्यांनी ते पोट क्षाराच्या पाण्यात टाकून दिव्यावर उकळत ठेवले. "पंख म्हणजे अंगरखा रे. या कुळात शंभर जण एकाच ताग्यातला घालतात. जात कळते ती पोटाच्या टोकाशी असलेल्या बारीक सांगाड्यावरून, आणि पोट मोडल्याशिवाय तो कुणाला दिसलेला नाही."

पाणी सावकाश उकळत राहिले. दारातून आलेली उन्हाची पट्टी पहिल्या कणगीवरून दुसरीवर गेली. अखेर आचार्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिले.

"दाणेखाऊ नाही."

"मग खातो काय?" व्यापाऱ्याने विचारले.

"ठाऊक नाही. हा ग्रंथात नाही."

"बाहेर जाऊन 'ठाऊक नाही' सांगू? आधी मलाच पेटवतील, गुरुजी!"

शिष्याने मान वर केली. छप्पर सागाच्या वाळक्या पानांनी शाकारलेले होते. त्याचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. बाहेर कुणीतरी ओरडले, "शेठ, चला! दिवस बुडतोय!"

"हा सागाची पानं खातो," शिष्य पुटपुटला आणि त्याने काडेपेटी उघडली. "मीच वाढवलाय. बघा ना, पंख तंतोतंत जुळतात."

आचार्यांनी फक्त चिमटा पुढे केला.

शिष्याने डोळे मिटले, उघडले आणि स्वतःच ते पोट मोडले. पुन्हा दिवा, पुन्हा क्षार. पट्टी भिंतीवर चढून विटकरी झाली, तेव्हा त्याने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बराच वेळ तो तसाच वाकून राहिला.

"सारखाच आहे," तो म्हणाला.

आचार्य दारात गेले. "पलिते विझवा. हा छप्पर खातो. छप्पर बदला, बी राहू द्या."

"या छप्परखाऊनं आमचा जीव खाल्ला!" गर्दीतून एक म्हातारी करवादली, आणि पलिते मातीत खुपसले गेले.

परतताना शिष्याने विचारले, "तुम्हाला काडेपेटीचं ठाऊक होतं?"

"विडी ओढत नाहीस आणि तीन वर्षं काडेपेटी जपतोस. मी पतंग ओळखतो, तुला नाही ओळखणार?"

"मग मागितली का नाहीत?"

"मागितली असती, तर पंख दाखवून परत खिशात घातली असतीस. अरे, अखंड होता तोवर तो नुसता तुझा होता. त्याला ना कुळ, ना जात. आज तू मोडलास, आणि आजच तो कोण ते जगाला कळलं."

घरी पोचल्यावर शिष्याने मोडक्या पतंगाखाली चिठ्ठी लावली. तीन वर्षे मनात घोटलेले स्वतःचे नाव त्याने लिहिले नाही. लिहिले, "छप्परखाऊ."

आपणही आपला खिसा एकदा चाचपून पाहावा. विडी ओढणाऱ्यांना सूट आहे.