चांगदेव खासदार दिल्लीत डॉक्टर मागतो

एका गावात एक भोळा माणूस होता. भोळी माणसं गावोगाव असतात, पण हिवरदऱ्याच्या चांगदेवाला लोकांनी थेट खासदार केला. दोन पुढाऱ्यांचं आपसात जमेना, म्हणून कुणाच्याच अध्यातमध्यात नसलेला हा सापडला.

गावात सरकारी दवाखाना होता, पण त्यात डॉक्टर नव्हता. आणि सरकार म्हणत होतं, डॉक्टर नसलेले दवाखाने देशभर बंद करणार. चांगदेवाची बायको गिरजा पोटुशी होती. तो निघाला तेव्हा ती म्हणाली, "अहो, लेकरू यायच्या आत डॉक्टर आणा. दवाखाना गेला तर मला बैलगाडीत घालून घाट उतरवाल काय? लाजू नका. उभं राहायचं नि विचारायचं."

चांगदेव दिल्लीला गेला. उभा राहिला नि विचारलं, "आमच्या गावाला डॉक्टर देता का?"

मंत्री म्हणाले, "मागणी सरकारच्या विचाराधीन आहे."

"लई उपकार झाले," चांगदेव म्हणाला नि खाली बसला.

शेजारी तात्यासाहेब बसायचे. त्याच्याच पक्षाचे, सभागृहात बसून केस पांढरे केलेले. त्यांनी कपाळाला हात लावला. "चांगदेवराव, असल्या उत्तरावर बसायचं नसतं. समोरचा बोलून थांबला की उठायचं नि म्हणायचं, असं किती दिवस चालणार?"

दुसऱ्या दिवशी एक जुने सदस्य वारल्याची बातमी आली. अध्यक्ष गंभीर तोंडाने बोलले, "मोलाचा सहकारी गेला. असे सहकारी आपल्याला एकामागून एक सोडून चाललेत." एवढं बोलून थांबले.

चांगदेव उठला. "असं किती दिवस चालणार?"

पुढच्या बाकांवरच्या साऱ्या म्हाताऱ्यांनी वळून पाहिलं.

तात्यासाहेब कुजबुजले, "अहो, अध्यक्षांचं तोंड गंभीर दिसलं की मान खाली घालून मुकाट उभं राहायचं."

"बरं," चांगदेव म्हणाला.

पुढे डॉक्टरच्या मागणीची पाळी पुन्हा आली. अध्यक्षांची त्या दिवशी दाढ ठणकत होती. त्यांनी गाल धरून, तोंड पाडून नाव पुकारलं. चांगदेव उठला, मान खाली घातली नि मुकाट उभा राहिला. मंत्र्यांनी वाट पाहिली. मग हसून म्हणाले, "सदस्यांचं समाधान झालेलं दिसतं." झालं, पाळी गेली.

आता तात्यासाहेब चिडले. "यापुढे स्वतःचं डोकं चालवू नका. आपल्या बाजूचा बाक वाजला की आपणही वाजवायचा नि 'हो' म्हणायचं, सगळ्यांत मोठ्याने. आम्ही इतकी वर्षं हेच करतोय. आमचं काही अडलं का?"

खरंच, त्यांचं काही अडलं नव्हतं.

मग दवाखाने बंद करायच्या धोरणावरच्या चर्चेचा दिवस उजाडला. विरोधकांनी हिवरदऱ्याचं नाव घेऊन मंत्र्यांना धारेवर धरलं. घाट सांगितला, पावसाळा सांगितला, वाटेतच बाळंत झालेल्या बाया सांगितल्या. मंत्री वरमले. म्हणाले, "त्या गावचे खासदार इथेच बसलेत. ते नको म्हणाले तर दवाखाना ठेवतो, वर डॉक्टरही धाडतो. बोला चांगदेवराव, बंद करायचा का दवाखाना?"

सगळं सभागृह त्याच्याकडे बघायला लागलं. तात्यासाहेबांनीसुद्धा कोपराने ढोसलं. चांगदेव उठला. डोळ्यांपुढे गिरजा आली. 'नाही' अगदी ओठांवर आलं.

तेवढ्यात मागे एक सदस्य जेवून पेंगत होते, त्यांचं डोकं बाकावर आपटलं.

बाक वाजला. चांगदेवाने दोन्ही हातांनी बाक बडवला नि छत दणाणेल अशा आवाजात म्हणाला, "हो."

तो गावी परतला तेव्हा दवाखान्याला कुलूप लागलं होतं. पायरीवर गिरजा गाठोडं घेऊन बसलेली, घाट उतरायला गाडीची वाट बघत.

"काय हो," ती म्हणाली, "तुम्ही तिथं असून दवाखाना बंद झाला कसा? तोंड शिवलं होतं का तुमचं?"

चांगदेवाला फार वाईट वाटलं. घरच्याच माणसाने असं बोलावं?

"गिरजे," तो म्हणाला, "मंत्र्यांनी विचारलं तेव्हा साऱ्या देशाचे खासदार गप्प बसले होते. आपल्या दवाखान्यावर एकटा मीच बोललो."