वरवंट्याने वाजलेली घंटा

खूप जुन्या काळी, आपल्या पणजोबांनाही आठवणार नाही इतक्या जुन्या काळी, समुद्रकाठी कोळ्यांचं एक गाव होतं. तिथल्या टेकडीवर प्रभूचं लहानसं प्रार्थनाघर होतं आणि त्याच्या दारात एक मोठी घंटा होती. घंटेची राखण एक म्हातारी करायची.

पहाटे धुकं पडलं की ती घंटेचा दोर ओढायची. दर ओढीला समुद्रावरच्या एका होडीचं नाव घ्यायची आणि म्हणायची, "प्रभू, हिला घरी आण." त्या आवाजाच्या रोखाने होड्या खडक टाळून किनाऱ्याला लागायच्या. गाव तिला तांदूळ आणि मासळी देई. तेवढ्यात तिचं भागायचं. झोपडीचं छप्पर मात्र गळायचं.

गावात दहा होड्या होत्या. सात गरिबांच्या, तीन एका व्यापाऱ्याच्या. एके दिवशी तो व्यापारी थैली घेऊन आला.

"म्हातारे, या मोहरा घे आणि नवं छप्पर घाल. धुक्यात माझ्या तीन होड्या आल्या की घंटा थांबव. एवढंच."

"आणि बाकीच्या सात?"

"येतील धुकं विरल्यावर. तोवर माझी मासळी चढ्या भावाने विकली जाईल. कोणी बुडत नाही गं."

म्हातारीने छपराकडे पाहिलं आणि थैली ठेवून घेतली.

तिसऱ्या दिवशी दाट धुकं पडलं. व्यापारी स्वतः टेकडीवर येऊन उभा राहिला. त्याच्या तिन्ही होड्या लागल्या, तसा म्हातारीने दोर सोडला आणि प्रार्थनेला गुडघे टेकले. पण सात नावं तोंडातच राहिली. जीभ वळेना.

'हात मी विकले, आता प्रभूला कोणत्या तोंडाने सांगू?' ती मनाशी म्हणाली. उठली, थैली आणून व्यापाऱ्याच्या हातात ठेवली.

"घ्या शेटजी. छप्पर गळू दे."

"सौदा झालाय, म्हातारे." व्यापाऱ्याने घंटेच्या आतला लोलक काढला आणि समुद्रात भिरकावला. "वाजव आता."

म्हातारी घरात गेली आणि मसाला वाटायचा वरवंटा घेऊन आली. एक ठोका, एक नाव. हातांची सालटं निघाली. सहा होड्या आल्या, सातवी येईना. सूर्य वर आला तरी ती त्या एकाच नावाने ठोके देत राहिली.

शेवटी धुक्यातून हाक आली, "आये, ऐकलं गं. आलो. आता टेक जरा."

व्यापाऱ्याच्या होड्यांवरचे खलाशी म्हणजे त्या सात होड्यांमधल्या माणसांचेच भाऊ. लोलक समुद्रात गेल्याचं त्यांना कळलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या होडीत चढायला एकही माणूस आला नाही.

"दुप्पट मजुरी देतो," व्यापारी म्हणाला.

"ती थैलीच बसवा वल्ह्यावर," एक खलाशी म्हणाला आणि जाळं विणत बसला. तिन्ही होड्या वाळूवर सुकत पडल्या.

गावाने म्हातारीचं छप्पर झावळ्यांनी शाकारलं. तरी एका कोपऱ्यात थेंब पडायचाच. तिथे ती मडकं ठेवायची आणि गाढ झोपायची.

पैशाचा लोभ माणसाची प्रार्थना अडवतो. आहे त्यात समाधानी राहून खऱ्या मनाने प्रभूला धरणाऱ्याला काही उणं पडत नाही.