शिक्केवाला

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की सांगणारीलाही ती कुणाकडून तरी ऐकावीच लागली.

टोपल्या विणणारी एक बुरडीण नदी ओलांडून परक्या राज्यात आली. तिथे राहायचं तर दरबारात अर्ज द्यावा लागे. मंजूर झाला तर घर, नाही तर पुन्हा नदी. आणि नदीपलीकडचं तिचं गाव तर पुरात वाहून गेलं होतं.

बाजारात एक माणूस ओरडत होता, "शिक्केवाला, शिक्केवाला!" बुरडीण हरखली. तिच्या देशात शिक्केवाला म्हणजे दरबारात बाजू मांडणारा वकील. इथे शिक्केवाला धान्याच्या पोत्यांवर शिक्के मारायचा. हे तिला ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक नाही, हे त्याला मात्र ठाऊक होतं.

"बसा, मावशी," तो म्हणाला. "तुमच्याकडचाच शिक्केवाला समजा."

त्याने तिला न विचारताच अर्जात 'ही बाई इथेच जन्मली' असं खोटं लिहून दिलं. खाली ज्वारीच्या कणसाचा ठसठशीत शिक्का मारला आणि मोबदल्यात तिच्या सगळ्या टोपल्या नेल्या.

दरबाराने खोटं पकडलं. हुकूम सुटला, आठ दिवसांत राज्य सोड.

शेजारची तेलीण म्हणाली, "अगं, तो कसला वकील, पोत्यांवर शिक्के मारणारा! तक्रार कर त्याची."

"केली तर आधी मलाच हाकलतील."

"हाकलतायतच की. गप्प बसून तुझं काय वाचणारेय?"

बुरडीण उठली. अर्जाची नक्कल कमरेला खोचून ती दरबारात गेली.

न्यायाधीशांनी विचारलं, "पोत्यांवर शिक्के मारणारा तुला वकील कसा वाटला?"

"आमच्याकडे वकिलालाच शिक्केवाला म्हणतात, महाराज. पोत्यांची थप्पी दिसली होती मला. वाटलं, वकिली जोरात चाललीय."

सगळे हसले. मग न्यायाधीशांनी नकलेवरचं कणीस पाहिलं. हाच शिक्का त्यांच्या तीन कारकुनांच्या नजरेखालून बिनबोभाट गेला होता. त्यांचं हसू थांबलं.

"वकिलाचं सोंग घेऊन कुणी फसवलं, तर त्याचं खोटं फसलेल्याच्या माथी मारू नये, असा इथला कायदा आहे," ते म्हणाले. "हिचा अर्ज नव्याने ऐका."

या वेळी बुरडिणीने स्वतःच्या तोंडाने खरं ते सांगितलं. गाव, पूर, सगळं. अर्ज मंजूर झाला.

शिक्केवाल्याने टोपल्या परत केल्या. शिवाय वर्षभर नदीच्या उतारावर बसून येणाऱ्या प्रत्येकाला 'इथे शिक्केवाला म्हणजे वकील नव्हे' असं सांगायची शिक्षा त्याला झाली. ऊन लागे म्हणून तो डोक्यावर टोपली धरी. ती बुरडिणीकडचीच असे, आणि विकतची.

तात्पर्य: फसण्यात लाज नाही, पण फसलेला गप्प बसला, की फसवणाऱ्याचं फावतं.