सोनाराच्या गोफातली गाठ

एकदा एक सोनार आपल्या बायकोला, तुळसाला, घेऊन एका वृद्ध नृत्यगुरूंकडे गोफ शिकायला गेला. छताच्या कडीला बांधलेल्या रंगीत दोऱ्या दोघांनी हाती धरायच्या, एकमेकांना ओलांडत नाचायचे, म्हणजे वर वेणी विणली जाते. मग उलट पावलांनी तीच वेणी मोकळी करायची. ऐकायला सोपे आहे. करून बघा, म्हणजे कळेल!

गुंजभर सोन्यात न चुकणारा हा माणूस दोऱ्यांत असा अडके, की पोरेटोरे हसत. गुरुजींनी कित्येक महिने त्याला दोरीला हातच लावू दिला नाही; नुसते तुळसाच्या मागेपुढे चालायला लावले. तो चिडला, रडकुंडीला आला, पण शिकला. पावले तोलूनमापून पडू लागली. तुळसा मात्र मधूनच चुके. शेवटी त्याने तिला बजावले, "देवीच्या उत्सवात गाठ बसली, तर पुन्हा तुझ्याबरोबर नाचणार नाही. सांगून ठेवतो." बिचारीची झोपच उडाली.

उत्सवाला अख्खे गाव देवळात लोटले. वेणी सुरेख विणली गेली. उकलताना मात्र अर्ध्यावर अशी गाठ बसली, की ओढावी तितकी घट्ट! मृदंग थांबला.

"गुरुजी, माझे एकही पाऊल चुकलेले नाही," सोनार सर्वांदेखत म्हणाला. "हिलाच विचारा!"

"ठाऊक आहे," गुरुजी म्हणाले. त्यांनी त्याच्या हातातल्या दोऱ्या काढून घेतल्या. "चल पोरी." ओढलेल्या दोऱ्या सैल करत, गाठ जिथे आवळली होती तिथवर ते दोघे माघारी आले, आणि जिथे सोनाराने आतून जायचे, तिथे गुरुजी चक्क बाहेरून गेले!

"अरे देवा! गुरुजी चुकले!" लोकांनी तोंडात बोटे घातली. पुन्हा ठेका धरायला उचललेला मृदंगवाल्याचा हात वरच राहिला. आणि गाठ सुटली.

सोनाराचा डोळ्यांवर विश्वास बसेना. "हे कसे झाले?"

"विणताना हिने तुझ्या बाहेरून जायचे होते, ही आतून गेली," गुरुजी म्हणाले. "चूक वेणीत विणली गेली. ती ज्या वाटेने आली, त्याच वाटेने दोघांनी मिळून परत न्यावी लागते. चूक हिची होती, बाळ. गाठ मात्र उकलताना तुझ्या बिनचूक पावलाने बसली. आता एवढेच सांग, विणताना ही आतून गेली, तेव्हा तुला दिसले होते?"

सोनाराने कान टोचावे म्हणतात. त्या दिवशी सोनाराचेच टोचले गेले.

"दिसले होते," तो कसाबसा म्हणाला. "मनात म्हटले, बरे झाले. आता गावाला कळेल, चुकते कोण." आपल्याच तोंडचे शब्द ऐकून तो हादरला. माझ्या मनात हे होते? तुळसाकडे त्याला बघवेना.

गुरुजींनी दोऱ्या पुन्हा त्याच्या हाती दिल्या. अर्धी वेणी अजून वर लटकत होती.

तुळसा हळूच म्हणाली, "अहो, पुढे माझी आणखी एक चूक आहे."

"असू दे," तो म्हणाला. "कुठे आहे ती सांग. मी तुझ्याबरोबर येतो."