धुरपीचं कोरडं फडकं

सागाच्या रानाला लागून एक राज्य होतं. राजाचं नाव गुबगुबसेन. त्याच्या दिवाणखान्याची जमीन होती सागवानी फळ्यांची, मधाच्या रंगाची, अशी लखलखीत की वरून मुंगी चालली तर तिच्या पायाखाली दुसरी मुंगी उलटी चालताना दिसावी.

ही जमीन सांभाळायचा येसबा सुतार. चाळीस वर्षं रांगून रांगून त्याच्या गुडघ्यांच्या वाट्या झिजल्या, तेव्हा फडकं आलं लेकीच्या हातात. लेक धुरपी, आठ वर्षांची, आईवेगळी, परकराला सतरा ठिगळं. बापलेक बागेतल्या खोपीत राहायचे. खोपीला भिंती तीन. चौथीचं काम शेवग्याचं झाड करायचं.

धुरपी रोज मऊ कुंच्यानं धूळ झाडायची, मग कोरडं फडकं फळीच्या रेघेरेघेनं फिरवायची, आडवं कधीच नाही. पंधरवड्यातून एकदा जवसाचं थेंबभर तेल आणि चिमूटभर मेण. सिंहासन सरकवलं की ओरखडे उठायचे, म्हणून त्याच्या चारी पायांना तिनं चिंध्यांचे इवले इवले मोजे शिवले होते.

आता महालाची कारभारीण होती भीमाक्का. तिचा जन्म गेला अंगणं सारवण्यात. जिथं पाणी नाही तिथं सफाई नाही, हे तिनं पदराला गाठ मारून ठेवलेलं. राजकन्येचं बारसं आलं, तशी तिचा जीव वरखाली होऊ लागला. नुसत्या कोरड्या फडक्यानं पुसलेल्या जमिनीवर पाळणा बांधायचा? पाहुण्या नावं ठेवतील, म्हणाली. आणि बारशाच्या सकाळी बायांना हाताशी धरून तिनं दिवाणखान्यात चाळीस घागरी पाणी ओतलं, वर शेणाचा काला कालवून मस्तपैकी सारवलं.

धुरपी तिच्या मागे मागे फिरून विनवत होती. "अक्का, लाकूड पाणी पितं हो. थांबतच नाही प्यायला लागलं की."

"पिऊ दे बाई. तहानलेल्याला पाणी पाजलं की पुण्य लागतं," भीमाक्का म्हणाली.

लाकूड प्यायलं. दुपारपर्यंत फळ्या पापडासारख्या फुगल्या, एक वर तर एक खाली. राजा कौतुकानं बघायला आला, शेणावर त्याचा पाय पडला, आणि तो बसल्या बसल्या घसरत निघाला तो सिंहासनाशेजारून, पाळण्याखालून, मुदपाकखान्याचा उंबरा ओलांडून थेट घुगऱ्यांच्या पातेल्यात जाऊन टेकला. घुगऱ्या गार होत्या, एवढंच नशीब.

कानातला हरभरा काढत राजानं हुकूम सोडला: दिवे लागायच्या आत जमीन होती तशी झाली पाहिजे, नाहीतर सांभाळणाऱ्यांनी खोप रिकामी करावी. भीमाक्का छताची नक्षी बघत होती.

धुरपी फडकं आणि तेलाची कुपी घेऊन बागेत गेली. बापाला काय सांगायचं, या विचारानं तिचे डोळे भरले. तेवढ्यात शेवग्याच्या बुंध्यावरून बारीक आवाज आला, "रडू नको तिथं, इकडे ये."

बुंध्याच्या चिकट डिंकात एक बोटभर परी अडकली होती. पंख कवडशासारखे सोनसळी, झगा जास्वंदीच्या कळीचा, आणि नाकाचा शेंडा रागानं लाल. सकाळपासून दोन खारी आणि एक माळी तिला सोडवायला पाणी ओतून गेले होते, आणि ती जास्तच चिकटली होती.

सूर्य माडाच्या कमरेपर्यंत उतरलेला. कुपीत तेल उरलं होतं तळापुरतं, जमिनीसाठी राखलेलं. धुरपीनं क्षणभर कुपीकडे पाहिलं आणि सगळं फडक्याच्या टोकावर घेतलं. पंख फाटू नयेत म्हणून हळू हळू, रेघेरेघेनं पुसत तिनं परीला सोडवलं.

परीनं पंख झटकले तशी सोनेरी धूळ उडाली. "तीन मागणी देते," ती म्हणाली. "नियम ऐक. स्वतःसाठी मागायचं नाही. उभ्यानं मागायचं नाही. आणि आधी हाताचं काम, मग वरदान: जेवढं पुसलं जाईल तेवढंच फळेल. आणि मला चिमणे म्हणायचं नाही."

धुरपी पळत आली. खिडक्या उघडल्या, लाकडाच्या ढलपीनं शेण खरवडलं, गुडघे टेकले आणि मागितलं, "या जमिनीनं प्यायलेलं पाणी सुखानं परत जाऊ दे."

मग ती पुसू लागली. फडकं फिरेल तिथून चंदेरी ढगांची इवली पिल्लं उठायची, खिडकीतून बाहेर जायची आणि वांग्यांच्या वाफ्यावर बरसायची. फळ्या टक टक करत जागेवर बसत होत्या. पण दिवाणखाना मोठा आणि हात दोनच. निम्मी जमीन झाली आणि ऊन भिंतीवरून उतरलं.

भीमाक्का दारातून मघापासून सगळं बघत-ऐकत होती. तिनं पुढं येऊन फडकंच हिसकावलं, आणि कमरेवर हात ठेवून, उभ्यानं, म्हणाली, "जमीन अशी गुळगुळीत होऊ दे की सगळी माझंच नाव घेतील."

झाली गुळगुळीत, फक्त तिच्या पायाखाली. भीमाक्का भोवऱ्यासारखी गरगरत सुटली. खांब धरायला जावं तर खांब निसटे. बाया तिचं नाव घेत मागे धावत होत्या, म्हणजे तेवढं खरं झालं.

तिनातलं दुसरं मागणं असं अक्कानं खर्चलं, धुरपीजवळ शेवटचं उरलं होतं. अर्धी जमीन फुगलेली, दारात दिवेवाला वाती वळत बसलेला. पण म्हातारी पांढरीफटक पडली होती. धुरपीनं गुडघे टेकले. "अक्कांना थांबव."

भीमाक्का थांबली, धपकन बसली. तिनं पोरीच्या सोललेल्या गुडघ्यांकडे पाहिलं, न पुसलेल्या जमिनीकडे पाहिलं. "आता ग पोरी?"

धुरपी विचारात पडली. परीनं 'जेवढं पुसशील' म्हटलं नव्हतं, 'पुसलं जाईल' म्हटलं होतं. तिनं भीमाक्काच्या हातातलं फडकं टर्रकन फाडून अर्धं परत दिलं. "आडवं नाही हं अक्का. रेघेनं."

भीमाक्कानं पदर खोचला. बायांनी आपापल्या जुनेराच्या चिंध्या काढल्या आणि सगळ्या गुडघ्यांवर आल्या. ढग उठले, फळ्या टकटकल्या, शेवटची फळीही बसली. चमक तेवढी नव्हती, कारण तेल संपलं होतं. तोच खिडकीतून परी आली, फळ्यांवरून एकदा गिरकी घेतली आणि उजेड होऊन लाकडात झिरपली.

राजा डोळ्यांवर हात धरून आत आला. "दिवे इतक्यात कोणी लावले?"

"अजून लागायचेत, महाराज," धुरपी म्हणाली.

भीमाक्कानं पुढं होऊन सगळा अपराध कबूल केला. राजानं खोप येसबाच्या घराण्याला कायमची दिली, आणि पहिलं पान धुरपीचं वाढलं. पाहुण्या आल्या तेव्हा भीमाक्का उंबऱ्यात आडवी उभी होती, एकेकीचे पाय कोरडे आहेत का ते बघत.

धुरपीचं घर राहिलं, तसं सगळ्या लेकरांचं राहो.