संध्याकाळची झडती

“...मग आणखी करू तरी काय, बाबा?”

सगुण देसाईचा आवाज चढला आणि चढता चढताच कापरा झाला. सोमगिरी गोसावी मठाच्या ओट्यावर दोरी वळत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

मठ रानाच्या कडेला. खाली सगुणची काजूची बाग, बागेपलीकडे त्याचं घर. उन्हाळा म्हणजे तिथे काजू वेचायचे दिवस. पण त्या साली रानात माकडं मरून पडू लागली आणि माकडताप गावात शिरला. मेल्या माकडावरच्या गोचिडी पाचोळ्यात उतरतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला चिकटतात, हे आता सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

सगुणचा धाकटा भाऊ त्याच तापाने गेला. शेवटी नाकातून रक्त... ते सगुणने डोळ्यांनी पाहिलं होतं.

“खिडक्यांना जाळ्या ठोकल्या,” तो सांगू लागला. “पिंपं झाकली, डबकी बुजवली. गोचीड सोडा, डासालाही आत शिरायला फट ठेवली नाही. गुरांना औषध लावतो. आईला, बायकोला, मुलीला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नाही. आणि रोज संध्याकाळी दिव्याखाली बसवून एकेकीची झडती घेतो. कानामागे, काखेत, केसांत. अख्ख्या गावात माझ्याइतकं कोणी जपत नाही!”

“हं.”

“तरी धडधड जात नाही. मुलगी नुसती शिंकली तरी माझे हातपाय गार पडतात. एक ताईत द्या, बाबा. दारावर बांधतो.”

सोमगिरींनी दोरी बाजूला ठेवली.

“बागेत कोण जातं?”

“मीच. दुसऱ्या कोणाला पाठवू?”

“आज?”

“आता तिथूनच आलो.”

“आणि तुझी झडती कोण घेतं?”

सगुणला हसू आलं. “माझी? बायको एकदा म्हणाली होती. मी घरचा कर्ता माणूस, बाबा. तिच्यापुढे उघडा बसून अंग दाखवू?”

सोमगिरी ओट्यावरून उठले.

“सदरा काढ.”

“बाबा...”

“काढ. पाठ कर इकडे.”

म्हाताऱ्याची खरखरीत बोटं मानेवरून वर सरकली. केसांच्या मुळाशी येऊन थांबली.

“काय आहे?” सगुणने विचारलं.

कानाशी डास गुणगुणत होता. त्याला हाकलायलाही हात उठेना.

“बाबा, काय आहे?”

“हलू नकोस.”

काहीतरी गार कातडीला टेकलं. सावकाश, सरळ ओढलं गेलं. मग सोमगिरींनी बारीक चिमटा त्याच्या डोळ्यांपुढे धरला.

तिळाएवढी गोचीड पाय हलवत होती.

सगुण तिथेच खाली बसला. काल बागेतून आल्या आल्या त्याने मुलीला कडेवर घेतलं होतं. तिने गळ्यात हात टाकून मानेवर गाल टेकला होता... याच जागी.

“मीच...” तो म्हणाला. “दारं लावून घेतली... आणि मीच आत नेत होतो?”

सोमगिरींनी गोचीड कोनाड्यात ठेवलेल्या स्पिरिटच्या बाटलीत टाकली. त्याची मान साबणाने धुतली.

“मला ताप येईल?”

“ते मला ठाऊक नाही. आला तर लगेच दवाखान्यात जा. माझ्याकडे येऊ नकोस.”

“आणि मुलीला...?”

“घरी गेलास की हे कपडे बाहेरच उकळत्या पाण्यात टाक. आंघोळ कर. मुलीला नीट तपास. मग बायकोपुढे बस.”

सगुणने चेहरा ओंजळीत लपवला. त्याचे खांदे हलत होते. सोमगिरींनी त्याला रडू दिलं.

बऱ्याच वेळाने तो उठला, नमस्कारासाठी वाकू लागला. तर सोमगिरी त्याच्याकडे पाठ करून पायरीवर बसलेले. त्यांनी जटा पुढे घेतल्या आणि सुरकुतलेली मान त्याच्यासमोर झुकवली.

सगुण दचकला. “हे काय, बाबा? तुम्ही... माझ्यापुढे?”

“मीही सकाळी रानात गेलो होतो,” सोमगिरी म्हणाले. “नीट बघ. मला भीती वाटते.”